रॅप संगीत, वस्ती आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुण: वर्तनाचे मूळ कशात शोधावे?

तांबडमाती (धागाकर्ता)

१९९३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री कॅल्विन बट्स यांनी रॅपच्या सीडी आणि कॅसेटी चिरडण्यासाठी रस्त्यावर रोडरोलर आणवला होता. त्याच सुमारास नागरी हक्कांच्या चळवळीतून पुढे आलेल्या सी. डेलोरेस टकर यांनी टोळ्या, बंदुका आणि रस्त्यावरच्या हिंसेविषयी बोलणाऱ्या गँगस्टा रॅपविरुद्ध मोहीम उघडली. अखेर १९९५ मध्ये टाइम वॉर्नर कंपनीने असे रॅप प्रसिद्ध करणाऱ्या इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीतील आपला हिस्सा विकून टाकला. रॅपवरचे आक्षेप केवळ गोऱ्या रूढीप्रिय वर्गाचे होते असे अनेकदा सांगितले जाते, म्हणून बट्स आणि टकर हे दोघेही कृष्णवर्णीय समाजातलेच होते, हे आधीच नोंदवून ठेवतो. आपल्या मुलांच्या अंत्ययात्रांना जाऊन थकलेल्या समाजातून तो आवाज उठला होता आणि तो आदराने ऐकला पाहिजे.

तरीही त्यांनी दाखवलेले कारण मला पटत नाही. ते का पटत नाही, हे मांडण्यासाठी आणि ज्यांना पटते त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिला मुद्दा कालक्रमाचा आहे. हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या संगीतप्रवाहाचा, जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्क यांनी बहिणीसाठी वाजवलेल्या पार्टीत झाला, असे मानले जाते. रॅपची पहिली लोकप्रिय ध्वनिमुद्रिका १९७९ सालची. शिकागो शहरात मात्र १९७४ या एका वर्षात ९७० खून झाले होते, म्हणजे ब्रॉन्क्सच्या बाहेर रॅप कोणाला ठाऊकही नव्हते तेव्हा. पुढे १९९० मध्ये न्यूयॉर्क शहरात २,२४५ खून झाले आणि २०१७ मध्ये ही संख्या २९२ वर आली. त्याच २०१७ मध्ये नील्सन या संस्थेच्या मोजणीनुसार हिप-हॉप आणि आर अँड बी हा अमेरिकेत सर्वाधिक ऐकला जाणारा संगीतप्रकार ठरला. देशभरातील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण १९९१ मध्ये दर लाख लोकांमागे ७५८ होते, ते पुढील दोन दशकांत जवळपास निम्म्यावर आले. जे संगीत हिंसेचे मुख्य कारण म्हणून दाखवले जाते, ते घराघरांत पोहोचत असताना हिंसा निम्म्याने कमी कशी झाली, याचे उत्तर रॅपला दोष देणाऱ्यांनी द्यायला हवे.

दुसरा मुद्दा जागेचा. ज्या ब्रॉन्क्समध्ये हे संगीत जन्मले, तो भाग न्यूयॉर्कची बांधणी ठरवणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांच्या क्रॉस-ब्रॉन्क्स महामार्गाने मधोमध चिरला होता आणि सत्तरच्या दशकात तिथल्या इमारतींच्या रांगाच्या रांगा आगीत खाक झाल्या. शिकागोच्या दक्षिण भागाची कहाणी याहून लांब आहे. तिसाच्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहराशहरांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीय वस्त्यांवर लाल रंग, म्हणजे कर्जासाठी धोकादायक असा शिक्का, फासला. त्या वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणे जवळजवळ अशक्य झाले. घरांच्या व्यवहारातील वांशिक भेदभाव कायद्याने बेकायदा ठरायला १९६८ उजाडले. दरम्यान १९६२ मध्ये स्टेट स्ट्रीटलगत रॉबर्ट टेलर होम्स ही सोळा मजली २८ इमारतींची सरकारी वसाहत उभी राहिली होती. एका बाजूला डॅन रायन महामार्ग आणि आत हजारो गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे. त्यांना ज्या कामाचा आधार होता, ते कामही गेले. विस्कॉन्सिन स्टील हा पोलाद कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि एके काळी सुमारे वीस हजार लोकांना रोजगार देणारा यू. एस. स्टीलचा साउथ वर्क्स कारखाना १९९२ मध्ये. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्यूलियस विल्सन यांनी याच शिकागोच्या अभ्यासातून दाखवले, की गरिबी असूनही काम असलेली वस्ती आणि काम नाहीसे झालेली वस्ती यांत फार मोठा फरक असतो. काम गेले की दिवसाची शिस्त जाते, लग्ने होईनाशी होतात, आणि पोराला नोकरी लावून देऊ शकेल असा ओळखीचा माणूस वस्तीत उरत नाही.

या सगळ्याचे वर्णन पुढे गाण्यांत आले. गाणी नंतरची आहेत.

कोरा_कागद

तांबडमाती, आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, परंतु मी असहमत आहे आणि तीन कारणे देतो.

एक, गुन्हे घटले यावरून रॅप निरुपद्रवी ठरत नाही. नव्वदच्या दशकात क्रॅक या स्वस्त, ओढायच्या कोकेनची लाट ओसरली, पोलीस वाढले, तुरुंग भरले, मुलांच्या मेंदूला अपाय करणारे पेट्रोलमधले शिसे गेले. या सगळ्यांनी गुन्हे खाली ओढले आणि एका गोष्टीने थोडे वर ढकलले, तरी आलेख खालीच जाईल. त्या एका गोष्टीचा परिणाम आलेखात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही.

दोन, परिस्थितीचे स्पष्टीकरण बरेच काही सांगते, पण सगळे सांगत नाही. हार्वर्डमधील समाजशास्त्रज्ञ ऑर्लँडो पॅटरसन, जे स्वतः जमैकाचे कृष्णवर्णीय आहेत, त्यांनी २००६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. अभ्यासक संस्कृतीचे नाव घ्यायला घाबरतात, आणि रस्त्यावरच्या रुबाबाची जी जीवनशैली काही तरुणांना मनापासून भुरळ घालते तिच्याकडे पाहायचेच टाळतात, असे त्यांचे म्हणणे होते. जॉन मॅक्वॉर्टर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञांनीही २००३ मध्ये रॅपवर असाच कठोर लेख लिहिला होता. त्याच गल्लीत, त्याच गरिबीत राहणारी बहुसंख्य मुले बंदूक हातात घेत नाहीत. परिस्थिती सर्वांची सारखी असेल, तर फरक कशाने पडतो?

तीन, पुरावा आहे. जीना विंगूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलाबामा राज्यातील ५२२ कृष्णवर्णीय किशोरींचा वर्षभर पाठपुरावा केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, रॅपचे व्हिडिओ अधिक पाहणाऱ्या मुलींनी शिक्षकावर हात उगारल्याचे प्रमाण इतरांच्या तिप्पट होते आणि अटक होण्याचे अडीचपट. १९९५ च्या आणखी एका प्रयोगात अकरा ते सोळा वयाच्या कृष्णवर्णीय मुलग्यांना हिंसक रॅप व्हिडिओ दाखवल्यावर, हिंसेने प्रश्न सोडवणे त्यांना अधिक मान्य वाटू लागल्याचे आढळले. हे सारे आपण एका फटक्यात बाजूला कसे सारणार?

शिशिर_नेपरव्हिल

मी शिकागोपासून तासाभराच्या अंतरावरील नेपरव्हिलमध्ये राहतो. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि शिकागोचे ड्रिल रॅप, म्हणजे तिथल्या गटांच्या वैरातून आलेला रॅपचा प्रकार, त्याला तोंडपाठ आहे. त्याच्या वर्गातील मराठी, तेलुगू, गोऱ्या, कोरियन अशा सगळ्या मुलांचे तसेच आहे. बंदुकीचे, सूडाचे आणि पैशाचे तेच शब्द त्यांच्या कानांत रोज दोन-दोन तास असतात. यांपैकी कोणी कोणावर हात उगारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. संगीत तेच, पत्ता वेगळा.

मात्र एक चिंता मला वाटते आणि ती नोंदवतो. मुलींविषयी बोलताना या मुलांच्या तोंडी जे शब्द सहज येऊ लागले आहेत, ते त्या गाण्यांतूनच आलेले आहेत, याविषयी मला शंका नाही.

तांबडमाती

शिशिर, टकरबाईंचा मूळ आक्षेप बराचसा हाच होता, स्त्रियांविषयीच्या भाषेचा. त्याबाबतीत त्या बरोबर होत्या, असे मी मानतो. गाणी भाषा देतात, पोशाख देतात, अभिमानाच्या आणि तुच्छतेच्या कल्पना देतात. माझा वाद त्यापुढच्या पायरीवर आहे: ट्रिगर दाबण्यापर्यंत माणूस कशाने जातो?

कोरा_कागद, आपला पहिला आक्षेप तर्कशुद्ध आहे. आलेखावरून रॅप निर्दोष ठरत नाही, इतके मान्य. पण त्याला मुख्य आरोपीही करता येत नाही. २०२० चे उदाहरण घ्या. त्या एका वर्षात अमेरिकेतील खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, नोंदी ठेवायला लागल्यापासूनची ती सर्वांत मोठी वाढ होती. त्या वसंतात संगीत बदलले नव्हते. शाळा बंद पडल्या, सामाजिक कार्यकर्त्यांचे दारोदार जाणे थांबले, बंदुकांची विक्री प्रचंड वाढली आणि जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर पोलीस व वस्त्या यांच्यातला उरलासुरला विश्वासही तुटला.

विंगूड यांचा अभ्यास मुलींविषयीचा आहे आणि आपला विषय तरुण पुरुषांचा, हा किरकोळ भाग सोडून देऊ. अडचण अशी, की जी मुलगी आधीपासून शाळेत रमत नाही, जिच्यावर घरी कोणाचे लक्ष नाही, ती व्हिडिओही अधिक पाहील आणि भांडणातही अधिक सापडेल. दोन गोष्टी सोबत चालतात म्हणून एक दुसरीला ओढते असे होत नाही. १९९५ च्या प्रयोगातून व्हिडिओ पाहिल्यानंतर लगेच दिलेली उत्तरे कळतात. रात्री गल्लीत मुलगा कसा वागेल, हे कळत नाही.

याउलट एका प्रयोगाने मला फार अस्वस्थ केले. कॅरी फ्राइड या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात एका जुन्या लोकगीताचे हिंसक बोल लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितले की हे रॅप आहे, काहींना सांगितले की हे कंट्री, म्हणजे प्रामुख्याने गोऱ्यांचे मानले जाणारे, संगीत आहे. शब्द अक्षरशः तेच होते. रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते अधिक धोकादायक वाटले आणि त्यांवर बंधन घालावे, असे त्यांना अधिक वाटले. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. रॅप ऐकताना श्रोता गाण्यासोबत गाणाऱ्याचा रंगही ऐकत असतो.

पारिजात

मी शिकागोच्या दक्षिण भागातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे गणित शिकवते. या चर्चेत भाग घ्यावा की नाही याचा विचार करत होते, कारण माझ्या विद्यार्थ्यांविषयी बोलताना त्यांचे दुःख प्रदर्शनाची वस्तू होऊ नये, असे वाटते. परंतु वरचे प्रतिसाद गंभीरपणे लिहिलेले आहेत, म्हणून लिहिते.

माझ्या वर्गातील मुलगे चालताना एकाच कानात इयरफोन घालतात. सुरुवातीला मला ती फॅशन वाटली. नंतर एकाने समजावून सांगितले, की दुसरा कान मागून येणाऱ्या गाडीसाठी मोकळा ठेवायचा असतो. गाडी हळू झाली तर इंजिनाचा आवाज बदलतो, तो ऐकू यायला हवा. सोळा वर्षांच्या मुलाने अशा रस्त्यावर कसे वागावे, याचा विचार मी तेव्हापासून वेगळ्या पद्धतीने करू लागले. त्याच्या मोकळ्या कानाला जे ऐकू येते, त्याने त्याचे वागणे ठरते. दुसऱ्या कानात काय वाजते आहे, ते त्यानंतर येते.

शाळेपासून सरळ चालत गेले तर ज्याचे घर दहा मिनिटांवर आहे, तो मुलगा बसने वळसा घालून अर्ध्या तासाने घरी पोहोचतो, कारण मधला चौक दुसऱ्या गटाचा आहे. तो स्वतः कोणत्याही गटात नाही. पण तो कोणत्या ब्लॉकवर राहतो हे सर्वांना ठाऊक आहे आणि तेवढे पुरेसे असते. २०१३ मध्ये शिकागोत एका फटक्यात सुमारे ५० सरकारी शाळा बंद करण्यात आल्या, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या, आणि अशा सीमा ओलांडून नव्या शाळेत जाण्याची वेळ हजारो मुलांवर आली. त्या सीमा कोणत्याही सरकारी नकाशात नव्हत्या. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र त्या फुटाफुटाने पाठ होत्या.

कोरा_कागद यांनी विचारले, की एकाच गल्लीतली बहुसंख्य मुले बंदूक उचलत नाहीत, मग फरक कशाने पडतो. प्रश्न योग्य आहे. माझ्या डोळ्यांसमोरचे उत्तर असे, की ती गल्ली सर्वांना सारखी नसते. ज्याचा मामा महानगरपालिकेत कामाला आहे आणि उन्हाळ्यात त्याला सोबत नेतो, त्याची गल्ली वेगळी. ज्याच्या थोरल्या भावाला मारले गेले आणि ज्याच्याकडे आता तू काय करणार अशा नजरेने सगळे पाहतात, त्याची वेगळी. भावाचा फोटो छापलेला टी-शर्ट घालून तो वर्गात बसतो आणि मी त्याला द्विघात समीकरणे शिकवते. ही दोन्ही मुले एकच गाणी ऐकतात.

अर्धविराम

पारिजातताई, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. भाऊ गेल्यावर तू काय करणार या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते.

ज्या वस्तीत खुनाचा तपास लागतो, तिथे सूड घेण्याची जबाबदारी कुटुंबावर येत नाही. ती राज्यसंस्था उचलते. शिकागोसारख्या शहरांत कृष्णवर्णीय तरुणांच्या कितीतरी खुनांत कोणालाही अटक होत नाही. मारणारा कोण हे गल्लीला ठाऊक असते, तो मोकळा फिरत असतो, आणि साक्ष देणाऱ्याला संरक्षण मिळेल यावर कोणाचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी आपण दुबळे नाही हे सतत दाखवत राहणे हेच एकमेव संरक्षण उरते. समाजशास्त्रज्ञ इलायजा अँडरसन यांनी फिलाडेल्फियात वर्षानुवर्षे राहून हाच अलिखित नियम नोंदवला: सभ्य घरातल्या, शिकणाऱ्या मुलालाही तो नियम शिकावा लागतो, कारण तो न शिकलेला मुलगा शाळेपर्यंत सुखरूप पोहोचत नाही.

दुसऱ्या बाजूला, हेच राज्य गाण्याचे बोल मात्र पुरावा म्हणून न्यायालयात आणते. अटलांटाचा रॅपर यंग थग याच्यावर मे २०२२ मध्ये टोळीविरोधी कायद्याखाली आरोप ठेवले गेले, आणि त्याच्या गाण्यांच्या ओळी सरकारी पक्षाने पुराव्यात मांडल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने काही आरोप मान्य केले आणि त्याची प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीच्या अटीवर, सुटका झाली. कॅलिफोर्नियाने मात्र २०२२ मध्येच कायदा करून, गाण्याचे बोल पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी ते पूर्वग्रह निर्माण करतील का, हे न्यायाधीशांनी आधी तपासावे, असे बंधन घातले. खुनांच्या तपासासाठी पुरेसे तपास अधिकारी नसावेत आणि गीतांच्या अर्थासाठी पोलिसांतले तज्ज्ञ असावेत, हे मला अन्यायाचे वाटते.

कोरा_कागद

पारिजात आणि अर्धविराम, दोघांचेही प्रतिसाद दोनदा वाचले. मी माझा मुद्दा सोडत नाही, परंतु तो अधिक नेमका करतो.

सर्वसाधारण रॅपविषयी नव्हे, ड्रिलविषयी बोलू. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोच्या एंगलवूड भागात लिल जोजो या अठरा वर्षांच्या रॅपरला गोळ्या घालून मारण्यात आले. त्याने प्रतिस्पर्धी गटाची नावे घेऊन त्यांना डिवचणारे गाणे केले होते आणि आपण कुठे आहोत ते ट्विटरवर लिहिले होते. २०२० मध्ये एफबीजी डक हा रॅपर शहराच्या उच्चभ्रू ओक स्ट्रीटवर भरदिवसा मारला गेला आणि ते प्रकरणही गटांमधल्या वैराचे होते. या गाण्यांत मेलेल्या मुलांची नावे घेऊन त्यांची टिंगल केली जाते. ती नावे कोणाच्या तरी भावाची, मुलाची असतात. शिशिर यांच्या मुलाला त्या नावांमागचे चेहरे ठाऊक नाहीत, म्हणून त्याला ते केवळ संगीत वाटते. पारिजात यांच्या विद्यार्थ्यांना ते चेहरे ठाऊक आहेत. जिथे आग आधीच लागलेली आहे तिथे हे तेल आहे, आणि ते तेल विकून पैसे कमावणाऱ्या कंपन्या त्या वस्तीत राहत नाहीत. यात गाण्याची काहीच जबाबदारी नाही, असे कोणी म्हणू नये.

पारिजात

नाही, तसे मी म्हणणार नाही. आपण जे लिहिले आहे, ते वर्गात दिसते. सोमवारी सकाळी वर्गात विचित्र शांतता असली, की शनिवार-रविवारी कोणता तरी व्हिडिओ आलेला असतो.

फक्त हे लक्षात घ्यावे, की ही मुले गाणी का करतात. कारखाने गेले, अमली पदार्थांच्या धंद्यातही आता त्यांच्यासाठी पैसा उरलेला नाही, आणि जगाला त्यांच्याकडून काही हवे असेल तर ते हेच, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली आहे. फॉरेस्ट स्टुअर्ट या समाजशास्त्रज्ञांनी दक्षिण शिकागोतल्या ड्रिल करणाऱ्या तरुणांसोबत बराच काळ घालवला. त्यांच्या लिखाणातले चित्र माझ्या अनुभवाशी जुळते: बरीचशी मर्दुमकी बनावट असते, बंदूक उसनी असते, आणि जितके अधिक क्रूर दिसावे तितके दूरच्या शहरांतले प्रेक्षक वाढतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा प्रेक्षकांसाठी घेतलेले ते सोंग त्याच्या बसथांब्यावर खरे मानले जाते.

मुक्ताफळे_वेचणारा

एक प्रश्न विचारतो. घरात वडील नसणे, हे या सगळ्याचे मूळ आहे असे बराक ओबामांसह अनेकांनी म्हटले आहे. त्यावर कोणीच का लिहीत नाही?

तांबडमाती

लिहितो, कारण त्यावर चांगले संशोधन झालेले आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लक्षावधी अमेरिकनांच्या बालपणाची आणि नंतरच्या उत्पन्नाची नोंद जोडून पाहिली. सारख्याच उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलग्यांची तुलना केली, तेव्हा देशातील ९९ टक्के जनगणना-विभागांत कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी मागे पडलेले दिसले. श्रीमंत घरांत वाढलेले मुलगेही याला अपवाद नव्हते. जिथे ही दरी सर्वांत कमी होती, अशा मोजक्या वस्त्यांत तीन गोष्टी आढळल्या: गरिबी कमी, गोऱ्या लोकांतला वंशद्वेष कमी, आणि कृष्णवर्णीय वडिलांचे वस्तीतील प्रमाण अधिक. इथे विशेष असे, की मुलाचे स्वतःचे वडील घरात असोत वा नसोत, वस्तीत वडीलधारे पुरुष असण्याचा फायदा त्याला मिळत होता.

आता ते पुरुष गेले कुठे, हेही विचारायला हवे. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने पाच ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला आणि पाचशे ग्रॅम कोकेन पावडर विकणाऱ्याला सारखीच किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. पावडर आणि क्रॅक यांच्या वजनाचे हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर यायला २०१० पर्यंत वाट पाहावी लागली. सुटून आलेल्यांना काम मिळाले का? डेवा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण उमेदवार नोकरीसाठी पाठवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: तुरुंगात जाऊन आल्याचे सांगणाऱ्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना पुन्हा बोलावणे आले, आणि कोणताही गुन्हा नावावर नसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १४ टक्क्यांना. शिक्षा झालेल्या कृष्णवर्णीयांपैकी केवळ ५ टक्क्यांना.

कोरा_कागद, ड्रिलविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे. त्या ठिकाणी गाणे हे परिस्थितीचाच एक भाग होते. पण ते ठिकाण किती अरुंद आहे, तेही पाहावे. अँड्र्यू पापाक्रिस्टोस यांनी शिकागोच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत, कोण कोणासोबत पकडला गेला याचे जाळे मांडले. वस्तीतील ४ टक्के लोकांच्या जाळ्यात बंदुकीने झालेले ४१ टक्के खून घडले होते. गाणी मात्र त्या जाळ्याबाहेरचे लोकही ऐकत होते.

परिस्थिती बदलल्यावर वागणे बदलते का, याची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंड चिठ्ठ्या टाकून विभागले गेले. काहींवरचा कचरा उचलून तिथे हिरवळ पेरली, थोडी झाडे लावली आणि कमरेएवढे लाकडी कुंपण घातले. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत अशा भूखंडांच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली, असे २०१८ च्या अहवालात नोंदले आहे. कोणाचीही गाण्यांची यादी बदललेली नव्हती.

कोरा_कागद

परीक्षांचा विषय निघालाच आहे, तर त्यांतली गैरसोयीची बाजूही यावी. नव्वदच्या दशकात बॉल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडतीने चांगल्या वस्तीत जाण्यासाठी मदत देण्यात आली. परिस्थिती हेच सर्व काही असते, तर मुलगे सुधारायला हवे होते. मुलींना फायदा झाला. किशोरवयीन मुलग्यांना झाला नाही, काही बाबतींत त्यांचे वागणे बिघडले.

तांबडमाती

खरे आहे, आणि त्याच प्रयोगाचा पुढचा निष्कर्षही तितकाच खरा आहे. तेरा वर्षांच्या आत ज्यांचे स्थलांतर झाले, ती मुले मोठेपणी सोडतीत नंबर न लागलेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्के अधिक कमावू लागली. पंधराव्या वर्षी नव्या वस्तीत नेलेला मुलगा जुन्या वस्तीचे नियम सोबत घेऊनच जातो, आणि मागे राहिलेले मित्रही त्याला गमवावे लागतात. वस्तीचा परिणाम वर्षांच्या हिशेबाने साठत जातो, असा त्याचा अर्थ मी लावतो.

पारिजात

ते जुने नियम कसे असतात, ते सांगते. शिकागोच्या शाळांत बिकमिंग अ मॅन नावाचा एक कार्यक्रम चालतो. त्याच्या सुरुवातीच्या तासांतला एक खेळ असा आहे: मुलांच्या जोड्या लावतात, एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, की तीस सेकंदांत तो मिळव. मुले तुटून पडतात; बोटे पिरगाळतात, जमिनीवर लोळतात. वेळ संपल्यावर मार्गदर्शक विचारतो, की चेंडू मागून का पाहिला नाही. मागितला असता तर त्याला मी भित्रा वाटलो असतो, असे उत्तर येते. मग मार्गदर्शक दुसऱ्याकडे वळतो: त्याने मागितला असता तर तू काय केले असतेस? बहुतेक मुले खांदे उडवून सांगतात, की दिला असता, चेंडूच तर होता.

या मुलांना मूर्ख समजण्याची चूक कोणी करू नये. रस्त्यावर कोणी काही हिसकावत असेल, तर आज न झगडणाऱ्याला उद्या पुन्हा लुटले जाते. तिथे झगडणे शहाणपणाचे आहे. कुठे थांबून विचार करायचा आणि कुठे नाही, एवढेच तो कार्यक्रम शिकवतो. अभ्यासात असे दिसले, की कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होत्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला हा फरक टिकला नाही, हेही सांगायला हवे, कारण मुले त्याच रस्त्यावर परत जातात.

उन्हाळी नोकऱ्यांचे मात्र उलटे झाले. शिकागोत हिंसेचे प्रमाण अधिक असलेल्या वस्त्यांतील तेरा शाळांतल्या १,६३४ मुलामुलींमधून सोडतीने निवडलेल्यांना आठ आठवड्यांचे, आठवड्याला पंचवीस तासांचे, किमान वेतनाचे काम दिले गेले. सारा हेलर यांनी सोळा महिने नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, आणि ही घट बहुतांशी काम संपून मुले पुन्हा शाळेत गेल्यानंतरच्या महिन्यांत दिसली. म्हणजे कामात गुंतलेली असल्यामुळे ती भांडणांतून वाचली, एवढेच नव्हते.

माझ्या वर्गातले चौघे यंदा अशा कामासाठी अर्ज भरत आहेत. अर्जासोबत कामाच्या ठिकाणाच्या तीन पसंती द्यायच्या आहेत. एकाने तिन्ही जागी एकच ग्रंथालय लिहिले, कारण तिथे जाणाऱ्या बसच्या वाटेत तो चौक लागत नाही. तो फॉर्म तसा स्वीकारला जाणार नाही, म्हणून उद्या मधल्या सुट्टीत आम्ही दोघे मिळून बसचा नकाशा घेऊन बसणार आहोत.

शिशिर_नेपरव्हिल

पारिजातताई, आमच्या कार्यालयात उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेतात आणि कार्यालय शहराच्या मध्यभागी, रेल्वे स्थानकाला लागून आहे. आतापर्यंत तिथे आमच्यासारख्यांचीच मुले आली. यंदाच्या जागांविषयी मी सोमवारी विचारतो आणि आपल्याला व्यक्तिगत निरोप पाठवतो.